सिंथेसायझरवर आवाज घडवायला शिकताना: तंबोऱ्यापासून सुरुवात

सिंथेसायझरवर आवाज घडवायला शिकायचं असेल, तर पहिला आवाज तुमच्या कानाला पाठ असलेला निवडा. इंटरनेटवरचे बहुतेक धडे ॲसिड बेस, पॅड, लीड अशा आवाजांपासून सुरू होतात. ते आवाज उत्तमच आहेत, पण ज्याने ते वर्षानुवर्षं ऐकलेले नाहीत, त्याला आपला प्रयत्न नेमका कुठे फसतोय हे कळायला मार्ग नसतो. तंबोऱ्याचं तसं नाही. गणपतीतली गाण्याची बैठक, सकाळचा रेडिओ, शेजारचा गायनाचा क्लास, कुठे ना कुठे तो आपण ऐकलेला असतोच. जवारी (तारेचा घोडीवरचा झणझणता नाद) बसलेली नाही किंवा जोड (षड्जाच्या मधल्या दोन तारा) जुळलेली नाही, हे गाणं न शिकलेल्यालाही खटकतं. ते खटकणं हीच शिकताना तुमची मोजपट्टी.

म्हणून या लेखात आपण सिंथवर तंबोरा बांधणार आहोत. मिरजेच्या कारागिराने घडवलेल्या तंबोऱ्याची जागा तो घेणार नाही, आणि तसा हेतूही नाही. पण त्या खटपटीत ऑसिलेटर, फिल्टर, एन्व्हलप, एलएफओ हे सगळे भाग हाताखालून जातात आणि प्रत्येकाचं काम कानाला पटत जातं.

उदाहरणासाठी मी कॉर्ग कंपनीचा मिनीलॉग घेतला आहे. २०१६ साली आलेला हा ॲनालॉग सिंथ एका वेळी चार स्वर वाजवू शकतो. नवशिक्यासाठी तो मला दोन कारणांनी आवडतो. एक म्हणजे त्याच्या पॅनेलवर जवळपास प्रत्येक कामाला स्वतंत्र नॉब आहे. दुसरं म्हणजे त्याच्या छोट्या पडद्यावर वाजणाऱ्या आवाजाची लहर तिथल्या तिथे दिसते, त्यामुळे कानाने ऐकलेलं डोळ्यांनी पडताळून बघता येतं. तुमच्याकडे दुसरा सिंथ असला तरी अडत नाही. १९७० च्या मिनीमूगपासून या जातीच्या वाद्यांची मांडणी फारशी बदललेली नाही: ऑसिलेटर भरगच्च आवाज काढतो, फिल्टर त्यातलं नको ते कापतो आणि ॲम्प्लिफायर त्याला कालावधी देतो. वाद्य घ्यायला अजून अवकाश असेल, तर सर्ज एक्सटी हा मोफत सॉफ्टवेअर सिंथ संगणकावर उतरवून घ्या. यातले बहुतेक प्रयोग त्यावरही होतात.

बसण्याआधी

चांगले हेडफोन हवेत. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर खर्ज ऐकूच येत नाही, आणि आपलं निम्मं काम खर्जात आहे. पुढे रेझोनन्स, म्हणजे फिल्टर जिथून कापायला लागतो (कटऑफ) तिथला आवाज ठळक करणारा नॉब, वाढवताना आवाज अचानक टोचरा होऊ शकतो, म्हणून मुख्य व्हॉल्यूम अर्ध्याच्या खालीच ठेवा. ॲनालॉग सिंथ चालू केल्यावर तापून स्थिर व्हायला त्याला १५-२० मिनिटं द्या. तोवर त्याचा सूर किंचित हलत राहतो.

एक वही जवळ ठेवा. सिंथमध्ये आवाज साठवता येतो हे खरं, पण साठवलेला आवाज तो कसा झाला हे सांगत नाही. "कटऑफ तिसऱ्या हिश्श्यावर, रेझोनन्स दोन तृतीयांश, अटॅक जेमतेम" एवढ्या नोंदीवरून तोच आवाज तुम्ही दुसऱ्या सिंथवरही उभा करू शकता.

आता तयार आवाज सोडून द्या. मिनीलॉगमधल्या २०० जागांपैकी १०० जागांवर कंपनीचे आवाज आहेत. उरलेल्या जागांपैकी एखादी कोरी जागा उघडा, जिथे 'इनिट प्रोग्राम' असं नाव दिसतं. इतर सिंथच्या मॅन्युअलमध्ये 'इनिशियलाइझ' हा शब्द शोधा. कोऱ्या आवाजात एकच ऑसिलेटर, उघडा फिल्टर, आणि पट्टी दाबली की चालू, सोडली की बंद, एवढंच असतं. कानाला तो रुक्ष वाटेल, पण त्यात काय चाललं आहे ते सगळं तुम्हाला माहीत असतं.

इथे नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. साठवलेला आवाज उघडला, तरी नॉब जागचे हलत नाहीत. म्हणजे नॉब दाखवतो एक आणि आवाजात किंमत असते वेगळीच. तुम्ही नॉबला जरा हात लावता आणि आवाज एकदम उडी मारतो. मिनीलॉगच्या सेटिंगमध्ये 'नॉब मोड' आहे, त्यात 'कॅच' निवडा. मग नॉब साठवलेल्या किंमतीपर्यंत पोचेपर्यंत आवाजात काहीच बदलत नाही, पोचला की पुढे त्याचं ऐकतो. शिकण्याच्या दिवसांत हे फार सोयीचं पडतं.

एकच ऑसिलेटर, बाकी सगळं बंद

मिक्सरमध्ये पहिला ऑसिलेटर पूर्ण वर, दुसरा आणि नॉइज (सुसकाऱ्यासारखा आवाज) शून्यावर. फिल्टरचा कटऑफ पूर्ण उजवीकडे, रेझोनन्स शून्य. डिले (प्रतिध्वनी देणारा भाग) बंद. डिले लावला की कुठलाही आवाज गोड वाटू लागतो आणि नेमकं काय कमी आहे ते झाकलं जातं, म्हणून तो शेवटपर्यंत बंदच राहू द्या.

मधली एखादी पट्टी दाबून ठेवा आणि लहरीचा खटका तिन्ही जागांवर फिरवून ऐका. सॉ म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर, तिचा आवाज झणझणीत. स्क्वेअर पोकळ, काहीसा क्लॅरिनेटच्या बाजूचा. ट्रँगल मऊ, जवळजवळ शिट्टीसारखा. हा फरक येतो मूळ स्वराबरोबर वाजणाऱ्या उपस्वरांमुळे. सॉमध्ये मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात. दुसऱ्याची ताकद मूळ स्वराच्या निम्मी, तिसऱ्याची एक तृतीयांश, अशी ती उतरत जाते. स्क्वेअरमध्ये फक्त विषम उपस्वर असतात: तिसरा, पाचवा, सातवा. ट्रँगलमध्येही विषमच, पण तिसऱ्याची ताकद थेट एक नवमांश, त्यामुळे तो इतका सौम्य.

तारेच्या वाद्यासाठी सॉ घ्यायचा हे इथेच ठरतं. फिल्टर फक्त काढून टाकू शकतो, नसलेलं घालू शकत नाही. तंबोऱ्याची श्रीमंती उपस्वरांत आहे, म्हणजे सुरुवातीला ते सगळे हाताशी हवेत.

फिल्टरमध्ये स्वयंभू गंधार शोधा

माझ्या मते सिंथवर शिकणाऱ्याने हा प्रयोग इतर कशाच्याही आधी करावा. फिल्टर हा एका टोकाला मंद आणि दुसऱ्या टोकाला तेज आवाज करणारा नॉब आहे, एवढीच बहुतेकांची समजूत असते. त्याच्या आत काय चालतं, ते या प्रयोगात उघड ऐकू येतं.

काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) घ्या, आणि तीही खर्जातली. कंपनसंख्या ६९.३ हर्ट्झच्या आसपास असलेली ही पट्टी मिळवण्यासाठी सप्तकाचा खटका खाली आणावा लागेल. लहर सॉ. फिल्टर ४-पोलवर ठेवा. २-पोलवर कटऑफच्या वरचा आवाज दर सप्तकामागे १२ डेसिबलने उतरतो, ४-पोलवर २४ डेसिबलने, म्हणजे काप जास्त धारदार. कटऑफ पूर्ण डावीकडे आणा, रेझोनन्स तीन चतुर्थांशावर. पट्टी दाबून धरा आणि कटऑफ अगदी हळू उजवीकडे फिरवा, इतका हळू की पूर्ण फेरीला अर्धं मिनिट लागावं.

आधी फक्त खर्जाचा सा. मग त्याच्या वरचा सा. मग स्पष्ट पंचम. मग आणखी वरचा सा, आणि त्यानंतर गंधार. तंबोऱ्यासमोर बसणाऱ्याला ज्याची ओळख असते, तोच हा स्वयंभू गंधार. तो पाचवा उपस्वर आहे, खर्जाच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६.५ हर्ट्झ. त्याच्या पुढे पुन्हा पंचम, मग कोमल निषादापेक्षा बराच उतरलेला सातवा उपस्वर, मग सा. रेझोनन्स कटऑफच्या जागेवर उभा असलेला स्वरांश उचलून पुढे आणतो, बाकीचे तसेच मागे राहतात. ही सगळी मंडळी एकाच सॉ लहरीत आधीपासून बसलेली होती.

आता एक पडताळणी करून बघा. गंधार ठळक ऐकू येतो त्या जागी कटऑफ सोडा आणि जवळच्या हार्मोनियमवर किंवा मोबाइलच्या कीबोर्डवर त्याच सप्तकातली पांढरी चार वाजवा. काळी एकचा गंधार तोच, पण बारा समान भागांत विभागलेल्या सप्तकात तो ३४९.२ हर्ट्झला बसतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळपास तीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. चौदा सेंटचा (शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले चौदा) हा फरक हार्मोनियम सुरात असते का या वादात आपण कैक वेळा वाचलेला असतो, इथे तो कानांनी मोजता येतो.

फिल्टरजवळ 'कीट्रॅक' नावाचा खटका आहे. तो शून्यावर असताना खालच्या पट्टीचे बरेच उपस्वर फिल्टरमधून जातात आणि वरच्या पट्टीचे अडकतात, त्यामुळे वरचे स्वर दबलेले वाटतात. १०० टक्क्यांवर कटऑफ पट्टीबरोबर सरकतो आणि प्रत्येक स्वराचा त्याच क्रमांकाचा उपस्वर उठून दिसतो. तंबोऱ्याला आपण तो १०० वर ठेवणार आहोत, म्हणजे खर्जावर आणि जोडावर एकाच जातीची जवारी बोलेल.

आवाजाचं आयुष्य

ॲम्प्लिफायरच्या एन्व्हलपचे चार नॉब असतात. पट्टी दाबल्यापासून आवाज पूर्ण वर यायला लागणारा वेळ अटॅक, तिथून खाली बसायला लागणारा वेळ डिके, पट्टी धरून ठेवली तर टिकून राहणारी पातळी सस्टेन, आणि पट्टी सोडल्यावर विरायला लागणारा वेळ रिलीज. सस्टेन ही पातळी आहे, बाकी तिन्ही वेळा आहेत. हे ध्यानात राहिलं की अर्धा गोंधळ संपतो.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा ओळखीची वाद्यं या चार नॉबांवर मांडून बघा. हार्मोनियम: अटॅक थोडा, सस्टेन पूर्ण, रिलीज जवळजवळ शून्य. संतूर: अटॅक शून्य, डिके मध्यम, सस्टेन शून्य, रिलीज डिकेइतकाच. बासरी: अटॅक हार्मोनियमपेक्षा जरा जास्त, सस्टेन वर. लहर तीच सॉ ठेवून फक्त हे चार नॉब बदला आणि एकच आवाज तीन वाद्यांकडे झुकताना ऐका. वाद्य कुठलं हे कान बऱ्याच अंशी पहिल्या क्षणावरून आणि विरण्याच्या रीतीवरून ठरवतो.

तंबोऱ्याची तार छेडली की सोडलेलीच असते, तिला धरून ठेवणारा हात नसतो. म्हणून अटॅक शून्याच्या किंचित वर, डिके तीन चतुर्थांशापर्यंत, सस्टेन शून्य आणि रिलीज डिकेइतकाच लांब. रिलीज आखूड ठेवला, तर पट्टीवरून बोट उचलताच तारेवर हात ठेवल्यासारखा आवाज गप्प होईल.

दुसरा एन्व्हलप आणि जवारी

मिनीलॉगवर आणखी एक एन्व्हलप आहे आणि तो फिल्टरचा कटऑफ हलवू शकतो. किती हलवायचा हे फिल्टरच्या भागातल्या 'ईजी इंट' नॉबवर ठरतं. मधोमध ठेवला की शून्य, उजवीकडे नेला की एन्व्हलपबरोबर कटऑफ वर उघडतो, डावीकडे नेला की उलटा.

मघाशी हाताने कटऑफ फिरवून तुम्ही एकेक उपस्वर ऐकलात. तेच काम आता प्रत्येक स्वराला आपोआप होऊ द्या. तंबोऱ्यात ते घोडीमुळे होतं. घोडीचा माथा सपाट नसतो, हलका उताराचा असतो, आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून तार माथ्याला कुठे स्पर्श करेल हे साधलेलं असतं. कंप पावणारी तार त्या माथ्याला घासत राहते आणि वरचे उपस्वर जागे राहतात. सिंथमध्ये घोडी नाही, पण रेझोनन्स असलेला फिल्टर हळूहळू बंद होत गेला, तर तो वाटेत एकेका उपस्वराला पुढे आणत जातो. परिणाम जवारीच्या बराच जवळ जातो.

सुरुवात अशी करा. कटऑफ एक तृतीयांश, रेझोनन्स साधारण ६० टक्के, ईजी इंट मध्यापासून उजवीकडे ४० टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या एन्व्हलपचा अटॅक अगदी थोडा, डिके लांब, सस्टेन शून्य, रिलीज लांब. एक पट्टी छेडा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. आवाज "प्याँव" असा ओरडत खाली आला, तर ईजी इंट जास्त झाला आहे. काहीच हललं नाही असं वाटलं, तर तो कमी आहे किंवा कटऑफ आधीच फार उघडा आहे. उपस्वर नाकात बोलल्यासारखे टोचत असतील, तर रेझोनन्स उतरवा. एका वेळी एकच नॉब बदला, आणि नेहमी तीच पट्टी वाजवून तुलना करा.

इथे वेळ घालवा, घाई करू नका. दुसऱ्या एन्व्हलपचा अटॅक शून्य केला, तर तार नखाने छेडल्यासारखी वाटते. तो किंचित वाढवला, तर बोटाच्या मऊ गादीने छेडल्यासारखी. तंबोरा बोटाच्या गादीनेच छेडतात, त्यामुळे हा केसभर फरक फार मोलाचा आहे.

दोन ऑसिलेटर, दोन कामं

आता मिक्सरमध्ये दुसरा ऑसिलेटर आणा. त्यालाही सॉ लहर, सप्तक पहिल्याइतकंच. त्याचा पिच नॉब मधोमध असेल तर दोन्ही एक होऊन वाजतील. तो अगदी किंचित उजवीकडे न्या, पडद्यावर सेंट दिसतात. एका सप्तकाचे १२०० सेंट, शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये १००. सात सेंटांवर २२० हर्ट्झची पांढरी सहा दाबलीत, तर आवाज सेकंदाला साधारण एकदा फुगेल. एक सप्तक वर जाऊन तीच पट्टी दाबलीत, तर दोनदा. म्हणून जे डीट्यून खर्जात डौलदार वाटतं, ते तारसप्तकात थरथरतं. तंबोऱ्यासाठी तीन-चार सेंट पुरे, आणि दुसऱ्या ऑसिलेटरचा आवाज पहिल्यापेक्षा थोडा कमी.

तंबोऱ्याकडे जाण्याआधी दुसऱ्या ऑसिलेटरवर पंचम लावून बघा. सूर जुळवण्याची ही कसरत सिंथवर अत्यंत स्वच्छ होते. एन्व्हलपचा सस्टेन तात्पुरता पूर्ण करा, १३८.६ हर्ट्झच्या सप्तकातली काळी एक धरा आणि दुसऱ्या ऑसिलेटरचा पिच ७०० सेंटांच्या आसपास आणा. हा कीबोर्डचा पंचम, म्हणजे काळी चार. नीट ऐकलंत तर एक अतिशय संथ लाट जाणवेल, साधारण दोन सेकंदांना एक. षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा उपस्वर एकमेकांपासून अर्ध्या हर्ट्झवर आहेत, त्याची ती लाट. शुद्ध पंचम ७०२ सेंटांवर आहे. नॉब केसभर पुढे न्या, लाट लांबत लांबत थांबेल. मिनीलॉगचा हा नॉब मध्याजवळ सेंटासेंटाने चालतो, पण दूर गेल्यावर मोठ्या टप्प्यांनी उडतो, त्यामुळे लाट पूर्ण थांबली नाही तर तुमचा दोष नाही. जवळात जवळची जागा कानाने शोधा. तंबोरा लावणारा माणूस मणी सरकवत हेच ऐकत असतो.

सिंक, रिंग आणि क्रॉस मॉड हे तिथले बाकीचे खटके आणि नॉब धातूचे, घंटेचे, कर्कश आवाज देतात. त्यांच्यासाठी वेगळी बैठक ठेवा.

चार आवाज, चार तारा

आता सस्टेन परत शून्यावर, दुसरा ऑसिलेटर परत तीन-चार सेंटांवर. व्हॉइस मोड 'पॉली' असू द्या आणि त्याचा डेप्थ नॉब पूर्ण डावीकडे, नाहीतर स्वर उलटसुलट सप्तकांत जातील.

मिनीलॉगला चार आवाज आहेत आणि तंबोऱ्याला चार तारा, हा योग फार कामाचा आहे. पंचम, जोड, जोड, खर्ज. काळी एकच्या पुरुषी पट्टीत जोडाच्या दोन्ही तारा १३८.६ हर्ट्झला, पंचम त्यांच्या खालच्या काळी चारवर १०३.८ हर्ट्झला, आणि खर्ज ६९.३ हर्ट्झला. आधी हाताने वाजवून बघा. रिलीज लांब असल्यामुळे खर्ज येईपर्यंत पंचम विरलेला नसतो आणि आवाज एकमेकांत मिसळत राहतात. पाचवा स्वर आला की सिंथला आधी वाजणारा एखादा आवाज सोडून द्यावा लागतो. तंबोऱ्यातही तार पुन्हा छेडली की तिचा आधीचा नाद तुटतोच, म्हणून इथे ही मर्यादा खटकत नाही.

मग हे सीक्वेन्सरकडे, म्हणजे भरून ठेवलेले स्वर क्रमाने आपोआप वाजवणाऱ्या भागाकडे, सोपवा. मिनीलॉगच्या सीक्वेन्सरमध्ये १६ पायऱ्या आहेत. तो थांबलेला असताना रेकॉर्डचं बटण दाबलं की एकेक स्वर भरत जाता येतं, आणि मोकळ्या पायरीसाठी रेस्टचं बटण असतं. पहिल्या पायरीवर पंचम, पाचवीवर जोड, आठवीवर दुसरी जोड, अकरावीवर खर्ज, बाकी सगळ्या मोकळ्या. चारही स्वर समान अंतरावर ठेवलेत तर ते घड्याळासारखं वाजेल. खर्जानंतर जास्त जागा सोडली की त्याला श्वास मिळतो. टेम्पो ४८ ठेवलात आणि पायरी सोळाव्या भागाची असेल, तर एक आवर्तन पाच सेकंदांत पूर्ण होतं. तेवढ्या संथ गतीत जवारी ऐकायला वेळ मिळतो.

आता समोर बसून दहा मिनिटं नुसतं ऐका, शक्य असेल तर त्यावर सा लावून गा. गाताना लगेच कळतं की आवाज फार चकचकीत आहे आणि गळ्याशी भांडतो आहे. तसं झालं तर कटऑफ उतरवा. खर्ज गुरगुरतो पण बोलत नाही असं वाटलं, तर रेझोनन्स जरा वाढवा, कारण हेडफोनमध्ये खर्ज ओळखू येतो तो त्याच्या उपस्वरांवरूनच. आवर्तन फारच एकसारखं वाटत असेल, तर एलएफओ ट्रँगल लहरीवर, अगदी मंद गतीने, 'शेप'कडे वळवा आणि त्याचं प्रमाण जेमतेम दिसेल इतकंच द्या. सॉचा आकार हळूहळू बदलत राहील आणि दोन आवर्तनं तंतोतंत सारखी होणार नाहीत. इतकं झाल्यावर थोडा डिले दिलात तर हरकत नाही.

हा आवाज साठवा, नाव द्या, आणि वहीत सगळ्या नॉबांच्या जागा लिहा.

एलएफओने काय करावं आणि हाताने काय

एलएफओ म्हणजे इतका संथ ऑसिलेटर की तो ऐकू येत नाही, दुसऱ्या कशाला तरी हलवत राहतो. पिचला सेकंदाला पाच-सहा वेळा थोडं हलवलं की पाश्चात्त्य धाटणीचा कंप मिळतो, कटऑफला हलवलं की आवाज उघडझाप करतो. एवढं लवकर शिकून होतं.

आपल्या संगीतासाठी त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. दरबारीच्या कोमल गंधारावरचं आंदोलन एलएफओला सोपवू नका. ते आंदोलन ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या रुंदीने होत नाही, प्रत्येक वेळी स्वराकडे जाण्याची वाट वेगळी असते. ते काम डावीकडच्या स्लायडरने पिच बेंड करून हातानेच करा. मींडेसाठी पोर्टामेंटो आहे, मिनीलॉगमध्ये तो मेनूत दडलेला आहे. तो लावला की प्रत्येक स्वर घसरतच येतो, म्हणून व्हॉइस मोड 'मोनो' करून अगदी कमी वेळ द्या. सिंथ आणि राग एकत्र आणण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलँडची यंत्रं घेऊन रागांचं पूर्ण ध्वनिमुद्रण केलं. त्यातल्या टीबी-३०३ या बेसच्या यंत्रात स्वरागणिक 'स्लाइड' लावता येते. कुठला स्वर घसरत यावा आणि कुठला थेट, हे तिथे वाजवणारा ठरवतो, आणि मींडेसाठी हवं असतं ते हेच स्वातंत्र्य.

पुढचा आवाज: डग्गा

तंबोऱ्यात पिच स्थिर होता. डग्ग्यात पिच हलतो, म्हणून दुसरा आवाज तो घ्या. पुन्हा कोऱ्या जागेवरून सुरुवात करा. पहिला ऑसिलेटर बंद, दुसरा ट्रँगलवर, खालच्या सप्तकात. ॲम्पचा अटॅक शून्य, डिके मध्यम, सस्टेन शून्य. दुसऱ्या एन्व्हलपचा अटॅक शून्य, डिके आखूड, सस्टेन शून्य. आता 'पिच ईजी इंट' हा नॉब मध्यापासून हळूहळू उजवीकडे न्या. स्वर वरून सुरू होऊन खाली कोसळतो, तो ढोलाच्या थापेकडे जातो. तोच नॉब थोडा डावीकडे न्या आणि डिके वाढवा. स्वर खालून वर चढू लागतो, तळहात पुडीवर घासत नेल्यावर येणाऱ्या घुमाऱ्यासारखा. थापेचा 'थप्' हवा असेल तर मिक्सरमध्ये नॉइजचा थेंबभर अंश घाला आणि फिल्टर बराच बंद ठेवा.

आता प्रीसेट उघडा

इतकं झाल्यावर कंपनीचे तयार आवाज वेगळ्या कानांनी ऐकू येतात. आवडलेला एखादा आवाज उघडा आणि तो उलगडत जा. आधी डिले बंद करा. मग मिक्सरमध्ये दुसरा ऑसिलेटर आणि नॉइज शून्यावर आणा, उरतं ते काय आहे ते ऐका. फिल्टरचा ईजी इंट मध्यावर आणा, आवाज हलायचा थांबला तर हालचाल एन्व्हलपची होती. तरीही हलत असेल, तर एलएफओचं प्रमाण शून्य करून बघा. शेवटी कटऑफ पूर्ण उघडा, म्हणजे फिल्टरमागे काय लपलं होतं ते समोर येतं. प्रत्येक पायरीवर काय गेलं ते वहीत लिहा. मग कोरी जागा उघडा आणि त्या नोंदींवरून, प्रीसेट पुन्हा न ऐकता, तो आवाज शेवटापासून सुरुवातीकडे परत बांधा.